पॉइंटवर मालदीव: हिशेब खोलीच्या पलीकडचा

पुण्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मॅरियट बॉनव्हॉय (मॅरियट हॉटेलांची सभासद योजना) खात्यात १,९०,००० पॉइंट आहेत, यजमानांच्या खात्यात ४५,०००. बँकेच्या कार्डावरही काही साठलेत आणि एक रात्र फुकट राहण्याचं फ्री नाइट सर्टिफिकेट पडून आहे. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन मालदीवला पाच रात्री जायचं मनात आहे. एवढ्या पॉइंटांत पाण्यावरचा व्हिला मिळेल का, की सरळ गोव्यात वापरून टाकावेत?

ताई, मालदीव जमेल. मात्र तुम्ही प्रश्न पॉइंटांपासून सुरू केलात, मी उत्तर दुसऱ्या टोकापासून सुरू करतो. पॉइंट फक्त खोलीचं भाडं भरतात. गोव्यात एवढं पुरतं, कारण रिसॉर्टच्या फाटकाबाहेर पडलं की समोर शॅक असतो, टॅक्सी असते, किराणा दुकान असतं. मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एक बेट म्हणजे एक रिसॉर्ट. तिथे पोहोचायचं वाहन रिसॉर्ट ठरवतं आणि तिन्ही त्रिकाळचं जेवण रिसॉर्टच्याच दराने घ्यावं लागतं. म्हणून मालदीवचं रिसॉर्ट निवडताना पॉइंट किती लागतात हा प्रश्न दुसरा. पॉइंट ज्याला हातही लावत नाहीत तो खर्च किती, हा पहिला.

सगळ्यात मोठी रक्कम प्रवासाची. मालेच्या विमानतळावरून दूरच्या बेटांवर सीप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने, जावं लागतं आणि त्याचे मोठ्या माणसाचे येण्याजाण्याचे साधारण ४०० ते ७०० डॉलर होतात. दोन ते अकरा वर्षांच्या मुलांना बहुतेक ठिकाणी कमी दर असतो. मॅरियटच्या घरात पाहिलं तर सेंट रेजिस व्होम्मुली, डब्ल्यू, जेडब्ल्यू मॅरियटचं शाव्हियानी अटॉलमधलं (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचा समूह) रिसॉर्ट, ल मेरिडियन आणि वेस्टिन मिरियांधू ही सगळी सीप्लेनची बेटं. शेरेटन फुल मून मात्र मालेपासून स्पीडबोटीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. तिथल्या बोटीचा खर्च सीप्लेनच्या मानाने फारच कमी. रिट्झ-कार्लटन फारी आयलंड्सलाही बोटीने जाता येतं, पण तिथे पॉइंट एवढे लागतात की तुमच्या शिलकीत पाच रात्री बसणार नाहीत.

सीप्लेनची दुसरी बाजू वेळेची. ही विमानं फक्त उजेडी उडतात. दुपारी उशिरा मालेला उतरलात तर त्या दिवशीचं शेवटचं सीप्लेन निघून गेलेलं असतं. मग रात्र माले किंवा हुलहुमालेच्या हॉटेलात काढायची आणि रिसॉर्टची पहिली रात्र, जिच्यासाठी पॉइंट मोजलेत, ती वाया. मुंबईहून मालेला थेट विमान तीन तासांच्या आत पोहोचतं, पण विमानकंपन्यांच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. आधी विमानाच्या वेळा बघा, मग रिसॉर्टच्या तारखा धरा. सामानालाही मर्यादा आहे: साधारण २० किलोची बॅग आणि ५ किलोची हातातली.

मग जेवण. मेन्यूवर जो आकडा दिसतो त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर १७ टक्के टीजीएसटी, म्हणजे पर्यटनावरचा जीएसटी, लागतो. हा कर १ जुलै २०२५ पासून १६ वरून १७ झाला. म्हणजे मेन्यूवर १०० डॉलरचं जेवण बिलात १२८ डॉलर ७० सेंटचं होतं. न्याहारीही तुम्हाला विकतच घ्यावी लागेल, कारण भारतातल्या मॅरियट कार्डामुळे मिळणारा सभासदत्वाचा सिल्व्हर दर्जा न्याहारी देत नाही. ती प्लॅटिनम या वरच्या दर्जापासून सुरू होते, आणि रिट्झ-कार्लटनमध्ये तर प्लॅटिनमलाही नाही. शिवाय ग्रीन टॅक्स, म्हणजे पर्यटकांवरचा पर्यावरण कर. १ जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टमध्ये तो माणशी रोज १२ डॉलर झाला आणि पॉइंटवर राहणाऱ्यालाही भरावा लागतो. त्यातून फक्त दोन वर्षांखालची मुलं सुटतात.

आता तुमच्याच सहलीचा अंदाज मांडू. डॉलर ९० रुपयांना धरला. सीप्लेन मोठ्यांना ६०० आणि लेकीला ३००, म्हणजे १,५०० डॉलर. ग्रीन टॅक्स तिघांचा पाच दिवसांचा १८० डॉलर. जेवण तिघांत मिळून मेन्यूच्या दराने रोज २५० डॉलर धरलं, तर करासकट पाच दिवसांचे सुमारे १,६१० डॉलर. बेरीज ३,२९० डॉलर, म्हणजे जवळपास २,९६,००० रुपये. यात मुंबई-मालेची तिकिटं नाहीत, स्नॉर्केलिंगची सहल नाही, स्पा नाही. तुमच्या कार्डावर परकी चलनाचा ३.५ टक्के मार्कअप (बँकेचा जादा आकार) आणि त्यावर जीएसटी असेल, तर आणखी बारा हजार वाढवा. हा आकडा वाचून सहलीचा विचार सोडू नका. तो आधी माहीत असला तर तुम्ही रिसॉर्ट वेगळं निवडाल, एवढंच. स्पीडबोटीचं बेट घेतलंत आणि दोन वेळच्या जेवणाचा हाफ बोर्ड आधीच जोडून घेतलात, तर हीच बेरीज बरीच खाली येते.

खोलीच्या बाजूने पाहिलं तर पॉइंटांची खरी किंमत मालदीवमध्येच निघते, हेही तितकंच खरं. एक उदाहरण घ्या. एका व्हिलाचा रोखीचा दर रात्रीला ७०० डॉलर आहे. त्यावर सर्व्हिस चार्ज आणि कर चढले की ९०० होतात. तोच व्हिला रात्रीला ७५,००० पॉइंटांना दिसतोय. बॉनव्हॉयमध्ये सलग पाच रात्री पूर्ण पॉइंटवर घेतल्या की एका रात्रीचे पॉइंट माफ होतात, पाचांतली सगळ्यात स्वस्त असेल तिचे. म्हणजे पाच रात्रींना ३,००,००० पॉइंट, रात्रीला सरासरी ६०,०००. ९०० डॉलरला ६०,००० ने भागा: एका पॉइंटला दीड सेंट, म्हणजे सुमारे १ रुपया ३५ पैसे.

आता गोव्यात १४,००० रुपयांची खोली २५,००० पॉइंटांना दिसते असं समजा. साडेसात हजारांवरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी लागतो, तो धरून १६,५२०. भागाकार केला की पॉइंटला ६६ पैसे. हा हिशेब करताना रोखीचा आकडा नेहमी करासकट घ्यायचा, कारण पॉइंटवर खोली घेतली की भाड्यावरचा कर तुमच्या खिशातून जात नाही. आणि तुलना तुम्ही खरोखर दिला असता त्या दराशी करायची. सभासदांची सवलत धरून जो सगळ्यात स्वस्त दर दिसतो तोच धरा, संकेतस्थळावर खोडून दाखवलेला मोठा आकडा नको.

हे आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, कारण मॅरियटने मार्च २०२२ पासून कोणत्या हॉटेलला किती पॉइंट याचा ठरलेला तक्ताच काढून टाकला. आता त्याच खोलीचे पॉइंट मागणीप्रमाणे रोज हलतात. मंगळवारी ६०,००० दिसलेली खोली शनिवारी ८५,००० असू शकते. त्यामुळे 'अमुक रिसॉर्टला किती पॉइंट लागतात' याचं एकच उत्तर कुणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. स्वतः शोधा, आणि शोधायची पद्धत अशी.

मॅरियटच्या ॲपमध्ये रिसॉर्ट निवडा, पॉइंट वापरण्याच्या खुणेवर टिक करा आणि तारखा 'फ्लेक्सिबल' ठेवून पाच रात्री टाका. महिन्याचं कॅलेंडर उघडतं आणि कोणत्या आठवड्यात आकडा खाली येतो ते एका नजरेत दिसतं. पहिल्या वेळी दोनच माणसं टाका. मग तीच तारीख ठेवून दोन मोठे आणि नऊ वर्षांचं एक मूल असा शोध पुन्हा करा. बरेच जण ही दुसरी पायरी गाळतात आणि तिथेच अडकतात. दोघांना पॉइंटवर खोली दिसते आणि तिघांना दिसत नाही, याचा अर्थ बहुधा असा की पॉइंटवर ठेवलेल्या साध्या श्रेणीत दोनच माणसांना परवानगी आहे. अशा वेळी दोघांच्या नावावर खोली घेऊन मुलीला बरोबर न्यायचा विचार करू नका. बेटावर पोहोचल्यावर मोठी खोली घ्यायला लागली तर ती डॉलरमध्ये आणि त्या दिवशीच्या दराने घ्यावी लागते.

पाण्यावरच्या व्हिलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लेक बरोबर असताना किनाऱ्यावरचा घ्या. पॉइंटवर साधारणपणे सगळ्यात खालची श्रेणी मिळते आणि बऱ्याच रिसॉर्टमध्ये ती किनाऱ्यावरची असते. पाण्यावरचा हवा तर रात्रीमागे जादा पॉइंट किंवा डॉलर मोजावे लागतात. शिवाय काही रिसॉर्ट ठरावीक वयाखालच्या मुलांना पाण्यावरच्या व्हिलात राहू देत नाहीत, कारण डेकवरून पायऱ्या सरळ समुद्रात उतरतात. किनाऱ्यावरच्या व्हिलातून पोर सकाळी उठून वाळूत पळते आणि तुम्ही निवांत चहा घेऊ शकता. पाण्यावर राहायची हौस असेलच, तर शेवटच्या एका रात्रीसाठी रोखीने बदल करून मिळेल का, ते रिसॉर्टला विचारा. नाही म्हणाले तरी काही बिघडत नाही.

हंगामाचा विचार इथे महाराष्ट्राच्या शाळेच्या सुट्ट्यांशी जुळवावा लागेल. जानेवारी ते मार्च तिथे कोरडा, निळाशार मोसम, आणि तेव्हाच पॉइंटही जास्त. नाताळ ते नववर्ष टाळाच. खोली पॉइंटवर मिळाली तरी बऱ्याच ठिकाणी २४ आणि ३१ डिसेंबरच्या मेजवानीचे पैसे सक्तीने लावतात आणि रद्द करण्याचे नियमही कडक असतात. आपली मे महिन्याची सुट्टी नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या सुरुवातीला येते. पाऊस येतो-जातो, समुद्र थोडा खवळलेला असतो, पण दर उतरलेले असतात.

आणि याच पावसाळी मोसमात, मे ते नोव्हेंबर, बा अटॉलमधल्या हनिफारू खाडीत प्लवकांच्या (पाण्यातल्या सूक्ष्म जीवांच्या) मागे मँटा रे हे मोठे चपटे मासे जमतात. बा अटॉल २०११ पासून युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र आहे. हनिफारूत स्कूबाला बंदी आहे, फक्त वाटाड्याबरोबर स्नॉर्केल लावून उतरता येतं, त्यामुळे पोहता येणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीलाही तो अनुभव मिळू शकतो. वेस्टिन मिरियांधू याच अटॉलमध्ये आहे. दिवाळीच्या सुट्टीत पावसाची जोखीम घ्यायची तुमची तयारी असेल, तर सीप्लेनचा खर्च करून जावं असं हे एक ठिकाण, असं मला मनापासून वाटतं. डोक्यावरून चार मीटर पंखांचा मँटा संथ सरकत जातो तेव्हा आपण भाड्याचा हिशेब करत नाही.

आता तुमच्या शिलकीकडे. दोन खाती मिळून २,३५,००० होतात. बॉनव्हॉयमध्ये एका सभासदाला वर्षाला १,००,००० पर्यंत पॉइंट दुसऱ्याच्या खात्यात विनामूल्य टाकता येतात, म्हणून यजमानांचे ४५,००० तुमच्या खात्यात घ्या. त्यांचं खातं अगदी नवं असेल तर काही दिवस थांबावं लागेल. वरच्या उदाहरणातली ३,००,००० ची गरज धरली तर ६५,००० कमी पडतात. ते आधी बँकेच्या कार्डावरून आणा. गुणोत्तर बँकेगणिक आणि कार्डागणिक वेगळं असतं, ते तुमच्या कार्डाच्या पोर्टलवर दिसेल.

तरीही तूट राहिली तर मॅरियट पॉइंट विकतं. हजाराला साडेबारा डॉलर हा नेहमीचा दर, आणि अधूनमधून ४० टक्क्यांच्या आसपास बोनस असतो. तेव्हा ४७,००० विकत घेतले की ६५,८०० पडतात आणि ५८७ डॉलर ५० सेंट लागतात. त्याच ६५,००० पॉइंटांनी मालदीवमध्ये दीड सेंटच्या भावाने ९७५ डॉलरची खोली मिळत असेल, तर हा व्यवहार चोख आहे. पण समोर ठरलेली तारीख आणि दिसणारी खोली असेल तरच. नुसते साठवायला पॉइंट कधीही विकत घेऊ नका. आणि समाजमाध्यमांवर 'स्वस्तात पॉइंट देतो' म्हणणाऱ्या दलालांकडे तर फिरकूही नका. अशी परस्पर खरेदी-विक्री कुठल्याच हॉटेलाच्या नियमांत बसत नाही. खातं बंद झालं की बुकिंगही जातं.

क्रम मात्र पाळा, कारण बँकेतून हॉटेलात गेलेले पॉइंट परत येत नाहीत. आधी खोली शोधा. रिसॉर्टला ईमेल करून चार गोष्टी लेखी मागा: या श्रेणीत दोन मोठे आणि एक मूल चालेल का, तिघांच्या ने-आणीची करासकट एकूण रक्कम किती, हाफ बोर्डचा करासकट दर किती आणि मुलाचा किती, आणि तुम्ही शाकाहारी असाल तर रोजच्या जेवणात काय मिळेल. उत्तर हातात आलं की पॉइंट हलवा. हलवायला काही तास लागतात, कधी काही दिवसही, तोवर खोली जाऊ शकते. म्हणून एकाच रिसॉर्टवर अडून न बसता दोन तारखा आणि दोन बेटं मनात ठेवा. बुकिंग रद्द करण्याची मुदत कधी संपते ते पानावर वाचून कॅलेंडरमध्ये टाका. त्या मुदतीपर्यंत अधूनमधून तोच शोध पुन्हा करत राहा. आकडा खाली आला तर आधी नवं बुकिंग करा, मगच जुनं रद्द करा.

साठवत बसणं हा तोट्याचा मार्ग आहे. हिल्टनचं मालदीवमधलं वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया इथाफुशी २०१९ मध्ये उघडलं तेव्हा साधी खोली रात्रीला १,२०,००० पॉइंटांना मिळायची. आज तो आकडा दुपटीच्या आसपास गेलाय. आपल्याकडे ॲक्सिस बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये भागीदारांकडे पॉइंट नेण्यावर वार्षिक मर्यादा घातली आणि कित्येकांचे बेत अडले. मुदतीचंही भान ठेवा: बॉनव्हॉय, हिल्टन आणि हयातचे पॉइंट २४ महिने खात्यात काहीच हालचाल नसेल तर जातात, आणि आयएचजी या हॉटेलसाखळीत दर्जा नसलेल्या सभासदाला १२ महिनेच मिळतात.

ॲकॉर या हॉटेलसाखळीची तऱ्हा वेगळी आहे, तीही सांगून ठेवतो. तिथे २,००० पॉइंट म्हणजे ४० युरो, हा भाव ठरलेला, त्यामुळे मोठा लाभही नाही आणि घोटाळाही नाही. पण ॲकॉरचे पॉइंट बिलातून सरळ वजा होतात. पुलमन मामुटासारख्या ऑल-इन्क्लुझिव्ह बेटावर भाड्यातच जेवण धरलेलं असतं, म्हणजे पॉइंट जेवणालाही लागू पडतात. बँकेच्या कार्डावरचे पॉइंट मॅरियट आणि ॲकॉर दोन्हीकडे जात असतील, तर हा पर्याय मांडून बघण्यासारखा आहे. ताज हॉटेलांत चालणाऱ्या टाटांच्या न्यूकॉइनचाही भाव असाच सरळ, एकाला एक रुपया. गोव्यातल्या ताज फोर्ट अग्वादाच्या बिलात ती चालवून टाकायला हरकत नाही.

राहिलं सर्टिफिकेट. ते मालदीवच्या पाच रात्रींत मिसळू नका, कारण माफीची रात्र मिळायला पाचही रात्री पॉइंटवर हव्यात. एचडीएफसीचं मॅरियट कार्ड २०२३ मध्ये आलं तेव्हापासून त्याचं सर्टिफिकेट १५,००० पॉइंटांपर्यंतच्या खोलीला चालतं, आणि त्यावर खात्यातले आणखी काही पॉइंट ठरावीक मर्यादेपर्यंत घालता येतात. ते भारतात वापरा. आठवड्याच्या मधल्या वारी ल मेरिडियन महाबळेश्वर पाहा, किंवा पावसाळ्यात गोव्याची मॅरियटची हॉटेलं. जुलैत तिथे गर्दी नसते आणि रोखीचा दर उतरलेला असतो, म्हणून आधी तो दर बघा. करासकट सात-आठ हजारांतच खोली मिळत असेल तर सर्टिफिकेट डिसेंबरसाठी राखा. त्यावरची तारीख मात्र आजच खात्यात जाऊन बघा. बहुतेक सर्टिफिकेटांना मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत असते आणि ती वाढवून मिळण्याची खात्री नसते.

निघण्यापूर्वीच्या ९६ तासांत तिघांचे इमुगा, म्हणजे मालदीव प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म भरा. त्याला पैसे लागत नाहीत, आणि भारतीयांना पर्यटनाचा व्हिसा उतरल्यावर विनामूल्य मिळतो. दारूची बाटली बरोबर नेऊ नका, मालेच्या कस्टममध्ये ती काढून घेतात. तारखा ठरल्या आणि रिसॉर्टचं ईमेलचं उत्तर आलं की आकडे मला कळवा, आपण एकदा बेरीज तपासून घेऊ.